हे गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत

मला बोलायला वेळ लागतो. बायको म्हणते, तुझ्याशी भांडायचं तर आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते. ही गोष्ट सांगायला मात्र मी जरा जास्तच वेळ घेतला. तर आता एकदाचं सांगून टाकतो. २००४ च्या दसऱ्याच्या दिवशी, युटामधल्या एका कॅन्यनमध्ये, तीन परक्या माणसांसमोर मी म्हणालो की माझ्या सासऱ्यांना मी ओळखत नाही. स्वच्छ इंग्रजीत म्हणालो. सासरे समोर उभे होते, आणि पस्तीस वर्षं ते शाळेत इंग्रजी शिकवत होते.

तेव्हा आम्ही टेक्सासात, अर्विंगला राहायचो. मी आणि बायको दोघंही आयटीत. मला फोटोग्राफीचं वेड नुकतंच लागलं होतं. माझ्यासारख्या माणसाला हा छंद फार सोयीचा. तासन्‌तास एका झाडासमोर गप्प उभं राहिलं तर लोक घुमा म्हणत नाहीत, कलाकार म्हणतात. मी नवा डिजिटल कॅमेरा घेतला होता आणि इंटरनेटवरच्या एका फोरमवर रोज हजेरी लावायचो. तिथे कुणीतरी लिहिलं होतं, की त्या कॅन्यनमध्ये सगळे लोक मोठ्या नदीकाठी गर्दी करतात, पण शटल बसच्या एका स्टॉपपासून आत गेलं की एक बारीक कोरडी घळ लागते. त्या घळीत एकच मेपल आहे. ऑक्टोबरच्या शेवटी तो लालभडक होतो, आणि समोरच्या कड्यावर ऊन पडलं की त्याचा उजेड उलटून या झाडावर येतो. साधारण पावणेअकराला येतो, वीस मिनिटं राहतो आणि जातो.

ती वीस मिनिटं मला हवी होती. इतकं काही हवंसं मला त्या वर्षी दुसरं वाटलं नव्हतं, हेही कबूल करतो.

सासरे तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. सासूबाई धाकट्या मुलीच्या बाळंतपणासाठी कऱ्हाडलाच थांबल्या होत्या. बाबा एकटे आले आणि पहिल्या आठवड्यात त्यांनी आमच्या अपार्टमेंटमधल्या एकूण एक माणसाशी ओळख करून घेतली. मी तिथे चार वर्षं राहत होतो आणि मला पोस्टमनचा चेहरा माहीत नव्हता. बाबांना त्याच्या मुलीच्या दातांची तार माहीत होती.

मी चार दिवसांची ट्रिप ठरवली, तशी बायको म्हणाली, “आमची नवी सिस्टिम सुरू होतेय, मी गो-लाइव्हमध्ये अडकलेय. बाबांना घेऊन जा.”

“तिथे काही नाहीये गं. दगड आहेत नुसते. बोअर होतील ते.”

“ते? दगडाशी बोलतील ते. तुझ्यापेक्षा दगड बरं उत्तर देतो.”

झालं. लास व्हेगासपर्यंत विमान, पुढे भाड्याची गाडी. गाडीत बाबांनी मला रस्त्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या आणि त्यातल्या दोन पाट्यांची वाक्यरचना सुधारली.

आता, ज्यांनी सासरा आणि जावई अशी जोडी एका मोटेलच्या खोलीत ठेवून पाहिली नसेल, त्यांना माझी अडचण कळायची नाही. बाबा जुन्या वळणाचे. जावयाला अहो-जाहो करायचं, जावयाच्या आधी जेवायचं नाही, जावयाला ओझं उचलू द्यायचं नाही. मी त्यांच्याहून तीस-एक वर्षांनी लहान, तेव्हा मलाही मान द्यायचा होता. पहिल्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही दोघं हातात टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभे.

“जावईबापू, तुम्ही उरकून घ्या.”

“नाही बाबा, आधी तुम्ही.”

“छे छे, असं कसं? तुम्हाला काम आहे.”

“तुम्ही मोठे आहात.”

“मोठा आहे म्हणून तर सांगतोय.”

पुढे चहाला हेच, नाश्त्याला हेच, गाडीत कोण आधी बसणार यालाही हेच. घळीशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मेपल होता, पण त्याच्यावरचा उजेड विझला होता. तिथे तीन ट्रायपॉड घड्या घालून निघायच्या तयारीत होते. त्यांच्यातला एक म्हातारा अमेरिकन, पांढऱ्या मिशांचा, जुन्या पद्धतीचा लाकडी कॅमेरा आणि डोक्यावर घ्यायचं काळं कापड घेऊन आला होता. त्यानं माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. “उद्या,” एवढंच म्हणाला. मला तो माणूस फार आवडला.

दुसरा दिवस दसऱ्याचा. मी रात्रीच ठरवलं होतं की सहाला उठायचं आणि मान-बिन न पाहता थेट बाथरूममध्ये घुसायचं. तसा घुसलो. बाहेर येऊन पाहतो तर बाबांनी टीव्हीशेजारच्या टेबलावर मोटेलचा पांढरा टॉवेल अंथरला होता, आणि त्यावर माझा कॅमेरा मांडून त्याची पूजा केली होती. दसऱ्याला शस्त्रं पुजायची, हत्यारं पुजायची. डॉक्टर स्टेथोस्कोप पुजतो, सुतार करवत पुजतो. जावयाचं हत्यार हे. बाबांनी प्रवासी बॅगेत हळदकुंकवाच्या पुड्या आणल्या होत्या, अक्षता आणल्या होत्या. आणि कॅमेऱ्याला गंध लावायचं तर कुठे लावणार? तोंडावरच. लेन्सचं झाकण काढून बरोबर मधोमध त्यांनी कुंकवाचं बोट ओढलं होतं. ओलं.

“नमस्कार करा,” ते प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले.

मी नमस्कार केला. दुसरं काय करणार? मग बाथरूमचं दार लावून कमोडवर बसलो आणि लेन्स पुसायचा कागद, फुंकणी, ब्रश असं सगळं वापरून अर्धा तास कुंकू काढत राहिलो. काचेवरचं निघालं. काचेभोवतीच्या खाचेत अक्षतेचा एक दाणा आणि लाल रेघ राहिलीच. मी बाहेर आलो ते एक शब्द न बोलता. माझं न बोलणं रोजचंच असल्यामुळे बाबांना राग कळला की नाही, ते मला समजलं नाही. थंडी होती, त्यांचा स्वेटर पुरेना, म्हणून मी माझं जास्तीचं जॅकेट त्यांच्या अंगावर चढवलं. त्यावर त्यांनी कानटोपी घातली. भाड्याच्या गाडीच्या बॉनेटवर कुंकू लावलं, आणि आम्ही निघालो.

शटलच्या त्या स्टॉपजवळ नदी आहे आणि काठाला कॉटनवूडची झाडं. पानं साधारण आपल्या पिंपळासारखी, पण शरदात पिवळीजर्द होतात आणि वारा नसतानाही थरथरत असतात. खाली सडा पडला होता. मी बाबांना तिथल्या बाकावर बसवलं. शेजारी चहाचा थर्मास आणि तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा ठेवला.

“बाबा, मी तासाभरात येतो. आत चढउतार आहे, तुम्ही इथेच बसा. प्लीज.”

“तुम्ही निवांत जा. माझी काळजी करू नका. इथे माणसं आहेत भरपूर.”

ती माणसं हीच माझी काळजी होती, पण घड्याळात सव्वादहा झाले होते.

घळीत कालचेच तिघे होते. पांढऱ्या मिशांचा म्हातारा आणि एक मध्यमवयीन जोडपं. मी ट्रायपॉड लावला तेव्हा कुणी काही बोललं नाही. म्हाताऱ्यानं नुसता आपल्या ट्रायपॉडचा एक पाय अलीकडे घेऊन मला जागा करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्यातरी मंडळात न बोलता सामील झालो होतो. फक्त एकदा तो माझ्या लेन्सकडे वाकून म्हणाला, “हा लाल कसला फिल्टर?”

“भारतातून आणलाय,” मी म्हणालो. त्यानं आदरानं मान हलवली.

पावणेअकराला तो उजेड आला. कसा ते मला लिहिता यायचं नाही. समोरचा कडा आधी तापल्यासारखा नारिंगी झाला, आणि मग त्या अंधाऱ्या घळीत मेपलचं एकेक पान आतून दिवा लावल्यासारखं दिसायला लागलं. म्हातारा काळ्या कापडाखाली गेला. मी डोळा कॅमेऱ्याला लावला.

माझ्या चौकटीत, मेपलच्या बरोबर मागून, कानटोपी वर आली.

ते घळीच्या दुसऱ्या बाजूनं चढून आले होते. दोन्ही हातांची ओंजळ, त्यात कॉटनवूडची पिवळी पानं. मागे उजेड, मधे लाल झाड, आणि झाडाखाली बाबा.

“जावईबापूऽऽ! सोनं आणलंय!”

कड्यांनी ते तीनदा परत म्हणून दाखवलं.

काळ्या कापडातून पांढरी मिशी बाहेर आली. जोडप्यातली बाई माझ्याकडे वळली. रागावून नाही, नुसती चौकशी म्हणून तिनं विचारलं, “हे तुमच्याबरोबर आहेत का?”

मी सबबी पुष्कळ तयार करून ठेवल्या आहेत. कुंकवाचा राग होता. काल हुकलेला उजेड होता. अकरा सप्टेंबरनंतरचा तो काळही असा होता की आपल्या रंगाच्या माणसानं कुठे आरडाओरडा केला की चार लोक वळून पाहायचे. यातलं काहीही खरं कारण नाही. खरं कारण एवढंच, की त्या गप्प माणसांनी मला आपल्यात घेतलं होतं आणि मला तिथून बाहेर पडायचं नव्हतं.

“नाही,” मी म्हणालो. “मी या गृहस्थांना ओळखत नाही.”

बाबा तोवर दहा पावलांवर आले होते. ते थांबले. माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलानं उत्तर चुकवलं तर मास्तर क्षणभर थांबतात, तसे थांबले. मग त्यांचा चेहरा असा काही नीट झाला, की मला वाटलं यांनी ऐकलंच नाही. ते थेट म्हाताऱ्यापाशी गेले, आणि फळ्यावर लिहिल्यासारख्या इंग्रजीत म्हणाले, “महाशय, व्यत्ययाबद्दल क्षमस्व. आज आमचा सण आहे. या दिवशी आम्ही एकमेकांना झाडाची पानं देतो आणि त्यांना सोनं म्हणतो. आपण स्वीकारावं.”

म्हाताऱ्यानं स्वीकारलं. जोडप्यानं स्वीकारलं. बाई तर हरखलीच. मग बाबा माझ्यासमोर आले.

“आपणही घ्यावं, सर.”

मी पान घेतलं.

“आपण कुठून आलात, सर?”

“टेक्सास,” मी म्हणालो.

“वा! माझे जावईही टेक्सासला असतात.” ते बाकीच्यांकडे वळले. “फार गुणी माणूस. बोलतात कमी. पण कलाकार आहेत. त्यांच्या कामात व्यत्यय आणलेला त्यांना आवडत नाही, आणि ते बरोबरच आहे.”

“ते कुठे आहेत आता?” बाईनं विचारलं.

“असतील इथेच कुठेतरी,” बाबा म्हणाले, आणि माझा चेहरा सोडून त्यांनी सगळी घळ नजरेखालून घातली.

तेवढ्यात नॅशनल पार्कची, रुंद टोपीची एक रेंजर बाई खालून आली. शटलच्या ड्रायव्हरनं तिला कळवलं होतं, की एक वयस्कर गृहस्थ बसस्टॉपवर प्रत्येकाला पानं वाटत होते आणि मग एकटेच घळीत शिरले. ती हसतमुख होती, पण नियम सांगणं तिला भाग होतं. “सर, पार्कमधून काही नेता येत नाही. पानसुद्धा.”

“बाई, मी नेत नाहीये,” बाबा म्हणाले. “मी देतोय.”

तिला यावर नियम आठवेना. तिनं विचारलं, “तुमच्याबरोबर कोण आहे?”

झालं, मला वाटलं. आता तरी मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलंही होतं. पण बाबांनी मला तेवढा वेळ दिला नाही, किंवा त्यांनी बराच दिला आणि मीच घेतला नाही. ते म्हणाले, “जावई आहेत. कामात आहेत. मी त्यांची वाट पाहीन.”

“मग मी तुम्हाला जीपनं व्हिजिटर सेंटरला सोडते. तिथे हीटर आहे.”

“फार उपकार होतील.” जाता जाता ते माझ्याकडे वळले. “आपला फोटो उत्तम येवो, सर.”

आणि आता कबुलीतला सगळ्यात वाईट भाग. ते गेल्यावर घड्याळात सात मिनिटं उरली होती, आणि मी फोटो काढले. अकरा काढले. उजेड विझेपर्यंत काढले.

म्हाताऱ्यानं आपला कॅमेरा शांतपणे पेटीत ठेवला, कापडाची घडी केली. निघताना माझ्याशेजारी थांबला.

“तुझा सासरा वाट बघत असेल,” तो म्हणाला.

त्यानं बोट माझ्या छातीवर ठेवलं. मी मान खाली घातली. आमच्या कंपनीनं वर्षाच्या पार्टीला प्रत्येकाला दोन दोन जॅकेटं वाटली होती. निळी, छातीवर बशीएवढा पिवळा लोगो. एक माझ्या अंगावर होतं आणि दुसरं बाबांच्या. आम्ही दोघं त्या घळीत एका टीमच्या खेळाडूंसारखे समोरासमोर उभे राहून एकमेकांना सर म्हणत होतो. सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या रेंजर बाईनंही पाहिलं असणार.

मी धावत खाली आलो. शटल येईना, म्हणून रस्त्यानं चालत सुटलो, मग शटल आली, मी हात केला, तर ती स्टॉपवरच थांबते म्हणून निघून गेली. व्हिजिटर सेंटरला पोचलो तेव्हा बाबा हीटरशेजारी बसून कॉफी पीत होते. समोर पुऱ्यांचा डबा उघडा. रेंजर बाई आणि तिच्या दोन सहकाऱ्यांच्या हातात एकेक पुरी, आणि बाबा त्यांना ओवा म्हणजे काय ते समजावून सांगत होते.

“मी यांना न्यायला आलोय,” मी म्हणालो. “हे माझे सासरे आहेत.” एवढं मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो. नकाशे बघणारे लोक वळले.

रेंजर बाईनं माझ्या लोगोकडे पाहिलं, बाबांच्या लोगोकडे पाहिलं, आणि गंभीरपणे विचारलं, “सर, हेच का तुमचे जावई?”

बाबांनी कॉफीचा कप खाली ठेवला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बराच वेळ लावला.

“जॅकेट तरी तेच दिसतंय,” ते म्हणाले.

गाडीत बसल्यावर मी सुरुवात केली, “बाबा, मघाशी मी...”

“जावईबापू, पुऱ्या दोनच राहिल्यात. त्या बाईला आवडल्या फार. तुम्ही खाऊन घ्या.”

“नाही, पण मी म्हणत होतो...”

“आधी खा. उपाशीपोटी गाडी चालवू नये.”

मी खाल्ल्या. त्या पोटात गेल्या आणि पुढचं वाक्यही त्यांच्याबरोबर गेलं.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “कसा झाला दसरा?” मी उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात बाबांनी सांगून टाकलं, की ते पानं वेचता वेचता हरवले आणि जावईबापू फोटो-बिटो सगळं टाकून त्यांना शोधत मैलभर धावत आले. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तसं तिनं माझ्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर पाहिलं नव्हतं. मी गप्प राहिलो. गप्प राहणं मला चांगलं येतं.

ती गोष्ट पुढे वाढत गेली. कऱ्हाडला फोनवर सासूबाईंना सांगताना मैलाचे तीन मैल झाले. पुढच्या वर्षी आम्ही भारतात गेलो, तेव्हा मेव्हणीच्या घरी सांगितलेल्या गोष्टीत मी कॅमेरा खडकावर फेकून दिला होता. एका मुंजीत तर घळीत पाणी आलं होतं. मी शेजारी बसून ऐकायचो आणि लोक माझ्या पाठीवर थाप मारायचे. बाबा मला वाचवतायत की शिक्षा करतायत, हे मला कधी कळलं नाही. त्यांना विचारायचं म्हणजे आधी ते वाक्य पुरं करावं लागलं असतं.

२००८ मध्ये बाबा पुन्हा आले, या वेळी सासूबाईंना घेऊन. दसऱ्याला आमच्या घरी सात-आठ कुटुंबं जमली. कुणी श्रीखंड आणलं होतं, कुणी मसालेभात. जेवणं चालली होती आणि एका काकूंनी विचारलं, “बाबा, इथला दसरा कसा वाटतो हो?” बाबांनी वाटी खाली ठेवली. मला कळलं, आता येणार. घळ आली, मेपल आला, मी धावत आलो, पाणी गुडघ्यापर्यंत चढलं. एक जण म्हणाला, “यार, तू तर छुपा रुस्तम निघालास!”

बायकोनं माझ्या ताटात आणखी श्रीखंड वाढलं. तेवढं मात्र मला गिळवेना.

“बाबा,” मी म्हणालो. “असं नव्हतं झालं.”

पंधरा-वीस माणसं माझ्याकडे वळली. मी आपणहून बोललो याचंच त्यांना नवल वाटत होतं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. घळीत पाहिलं होतं तसंच.

“तुम्ही मधे बोलू नका, जावईबापू,” ते म्हणाले. “तुम्हाला काय माहीत? तुम्ही होता कुठे तिथे?”

सगळे खो खो हसले. बाबाही हसले, आणि पुन्हा श्रीखंडाकडे वळले. त्यांनी मला आणखी एकदा सोडून दिलं होतं. मी मान खाली घातली असती तर तेही पचलं असतं. पण बायको हसत नव्हती. तिनं श्रीखंडाचा चमचा तसाच हातात धरला होता आणि ती आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघत होती.

“म्हणजे?” तिनं मला विचारलं. “कुठे होतास तू?”

“समोरच,” मी म्हणालो. “दहा पावलांवर.” आणि सगळ्यांच्या देखत, बाथरूमच्या दारातल्या टॉवेलपासून, सांगायला सुरुवात केली.